व्हेगासच्या रेस बुकात पहिल्यांदा जाताना

मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून अधिक कॅशच्या खिडकीमागे. आता मुलगा फीनिक्सला असतो. तिथून लास व्हेगास गाडीने पाच तासांवर आहे, त्यामुळे तिथे पाच-सहा वेळा जाणं झालं. बाकीची मंडळी कारंजी बघायला आणि शोला जातात. मी रेस बुकात, म्हणजे कॅसिनोतल्या घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायच्या दालनात, जाऊन बसते. हे कळलं की ओळखीचे लोक विचारतात, "तिथे आपण शिरायचं कसं? काही कळत नाही हो." खरंय. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं की भिंतभर स्क्रीन, आकडे आणि लाल-हिरव्या अक्षरांनी डोकं गरगरतं. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

घोड्यांचं वेड मला काकांमुळे लागलं. पुण्याचा सीझन जुलैत, ऐन पावसात सुरू होतो. काका छत्री घेऊन कॅम्पातल्या रेसकोर्सवर निघायचे, कधीकधी मलाही न्यायचे. खाकी पाकिटात वीस रुपये मोजून ठेवलेले असायचे. ते संपले की उरलेल्या शर्यती नुसत्या बघायच्या. पाकिटात हात घालताना मी त्यांना पुष्कळदा बघितलं, खिशात घालताना कधीच नाही. मी व्हेगासला आजही तसंच पाकीट नेते. चाळीस डॉलर, पाचाच्या आणि एकाच्या नोटांत. बाकीचे पैसे आणि कार्ड खोलीतल्या तिजोरीत.

आधी नावाचा उलगडा करू. 'स्पोर्ट्‌स बुक' म्हणजे खेळांवरचं बेटिंग घेणारी पेढी, 'रेस बुक' म्हणजे घोड्यांच्या शर्यतींची. बऱ्याच कॅसिनोंत दोन्ही एकाच दालनात असतात, पण खिडक्या वेगळ्या असू शकतात. वर 'रेस' किंवा 'स्पोर्ट्‌स' अशी पाटी असते, ती बघूनच रांगेत उभं राहा. नेवाडा राज्यात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे, पण कॅसिनोच्या छताखाली अशी पेढी पहिल्यांदा १९७५ मध्ये डाउनटाउनमधल्या युनियन प्लाझामध्ये आली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बहुतेक राज्यांत असं बेटिंग रोखणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केल्यापासून इतर राज्यांतही खेळांवर बेटिंग सुरू झालं. तरी दिवसभर आरामात बसून पाच-सहा रेसकोर्सच्या शर्यती बघायच्या, तर व्हेगासच.

पहिल्या वेळी जायचं असेल तर मी वेस्टगेट सांगेन. एल्व्हिस प्रेस्ली १९६९ पासून जिथे गायचा ते हेच हॉटेल, तेव्हा त्याचं नाव इंटरनॅशनल होतं. इथली 'सुपरबुक' नावाची पेढी १९८६ मध्ये सुरू झाली. दालन साधारण तीस हजार चौरस फुटांचं आहे, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या मंगल कार्यालयांपेक्षाही ऐसपैस. मोनोरेलचं स्टेशन हॉटेललाच लागून आहे, त्यामुळे टॅक्सीचा खर्च वाचतो. डाउनटाउनमध्ये २०२० साली उघडलेलं सर्का आहे. तिथली स्क्रीन तीन मजली आहे, बघण्यासारखी आहे, पण त्या हॉटेलातच २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. नातवंडं बरोबर असतील तर बेत आधी ठरवा. इतर कॅसिनोंतसुद्धा मुलांना बुकात बसवता येत नाही, वाटेवरून चालत पुढे न्यावं लागतं.

पासपोर्ट जवळ ठेवा. केस पांढरे असले तरी मागू शकतात, आणि आपलं ड्रायव्हिंग लायसन्स प्रत्येक जण मान्य करेलच असं नाही. एक पातळ स्वेटर किंवा शाल हवी, कारण बाहेर कितीही ऊन असलं तरी आत एसी बोचतो. सिगारेटचा धूर असतो. दम्याचा त्रास असेल तर धूम्रपान नसलेला भाग कुठे आहे ते आधी विचारून घ्या.

वेळ कुठली गाठायची? घोड्यांसाठी जात असाल तर सकाळी. पूर्वेकडची रेसकोर्स तीन तास पुढे असतात, त्यामुळे न्यूयॉर्कच्या शर्यती व्हेगासला सकाळी दहाच्या सुमाराला सुरू होतात आणि कॅलिफोर्नियाच्या दुपारी. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर न्यूयॉर्ककडचं सॅराटोगा आणि कॅलिफोर्नियातलं डेल मार ही दोन्ही रेसकोर्स चालू असतात. नाश्ता करून जावं आणि संध्याकाळपर्यंत बसावं, असा तो मोसम. सुपर बोलचा (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा) रविवार आणि मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचे पहिले दिवस मात्र पहिल्या भेटीला टाळा. त्या स्पर्धेत पहिल्या फेरीचे दोन दिवस मिळून ३२ सामने असतात. लोक पहाटेपासून जागा धरतात, आणि मोठ्या दिवशी खुर्चीसाठीही पैसे मोजावे लागतात.

बसण्याचं एक शास्त्र आहे. छोटी टेबलं दिसतात, शाळेतल्या बाकांसारखी, प्रत्येकावर स्वतःचा लहान मॉनिटर आणि दिवा. ती घोड्यांवर खेळणाऱ्यांसाठी राखीव असतात. काही ठिकाणी नेहमीच्या मंडळींच्या नावाच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात, तिथे बसू नका. पुढचे सोफे आणि मोठ्या खुर्च्या सामने बघणाऱ्यांच्या. शंका असेल तर खिडकीवर विचारा, "कॅन आय सिट हिअर?" एवढं पुरतं. मला आजवर कुणी तुसडेपणाने उत्तर दिलेलं नाही.

आता बोर्ड. सामन्यांच्या बोर्डवर प्रत्येक संघापुढे तीन-चार आकडी क्रमांक असतो. वरचा संघ पाहुणा, खालचा यजमान. खिडकीवर संघाचं नाव नव्हे, हा क्रमांक सांगायचा असतो, म्हणून तो कागदावर उतरवून घ्या. ठेवलेल्या पेन्सिली आणि चिठ्ठ्या त्याचसाठी असतात.

पुढचे आकडे असे वाचा. अधिक १५० म्हणजे १०० डॉलर लावले तर १५० नफा. उणे १५० म्हणजे १०० नफा हवा असेल तर १५० लावायचे. उणे चिन्हवाला संघ लोकांच्या मते वरचढ. त्याच्या शेजारी 'उणे ३' किंवा 'अधिक ३' असे छोटे आकडे असतात, तो स्प्रेड. वरचढ संघाने नुसतं जिंकून भागत नाही, तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं. बरोब्बर तीनने जिंकला तर बरोबरी धरतात आणि लावलेले पैसे परत मिळतात. साडेतीन असेल तर बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. तिसरा आकडा दोन्ही संघांच्या एकूण गुणांचा असतो. एकूण गुण त्यापेक्षा जास्त होतील की कमी, एवढंच सांगायचं. खेळ नीटसा कळत नसेल तर मजा यातच जास्त येते, कारण कुणीही गुण केले तरी तुम्ही सामना मनापासून बघता.

स्प्रेडवर बहुतेक वेळा 'उणे ११०' लिहिलेलं असतं. म्हणजे १० मिळवायला ११ लावायचे. यात पेढीची हुंडणावळ आहे. समजा दोन माणसांनी दोन बाजूंना प्रत्येकी ११० लावले. पेढीकडे २२० जमा झाले, जिंकणाऱ्याला २१० गेले, दहा पेढीकडे राहिले. सामना कुणीही जिंको. या भावाने खेळताना नुसतं खर्चाला खर्च सुटायचा तर शंभरातले जवळजवळ ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. मी खिडकीमागे बसून असे हिशेब आयुष्यभर बघितले. कर्जाच्या पैशाने आणि एफडी मोडून आकड्यांच्या मागे गेलेली घरंही बघितली. कुठल्या तारखेला कोण किती काढून नेतो हे कॅशियरला आधी दिसतं आणि काही बोलता येत नाही. म्हणून पाकिटातले पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे खर्चात धरा, आणि कॅसिनोतल्या एटीएमकडे जाऊ नका. तिथली फी भरमसाट असते, आणि पाकीट संपल्यावर तिथे पोचलेला माणूस विचाराच्या मनःस्थितीत नसतो.

खिडकीवर बोलण्याची एक ठरलेली रीत आहे. खिडकीमागच्या माणसाला 'तिकीट रायटर' म्हणतात. सामन्यासाठी क्रमांक, बेटचा प्रकार आणि रक्कम सांगायची: "फोर फिफ्टी टू, मायनस थ्री, ट्वेंटी टू डॉलर्स." घोड्यांसाठी क्रम वेगळा. आधी रेसकोर्स, मग शर्यत, मग रक्कम, मग प्रकार, शेवटी घोड्याचा क्रमांक: "सँटा अनिटा, रेस फाइव्ह, टू डॉलर्स टू विन, नंबर थ्री." याच क्रमाने सांगा, कारण रायटर त्याच क्रमाने मशीनवर बटणं दाबत असतो. रांगेत असतानाच मनात ठरवून घ्या. खिडकीपाशी पोचून विचार करत उभं राहिलं तर मागच्याची शर्यत सुटते आणि त्याचा वैताग रास्त असतो. खिडकीवर फोनवर बोलू नका. कुठला घोडा घेऊ, असं रायटरला विचारू नका. व्यवहार रोखीचा, क्रेडिट कार्ड चालत नाही. घोड्यांवर दोन डॉलरपासून खेळता येतं. सामन्यांसाठी बऱ्याच ठिकाणी किमान पाच किंवा दहा.

यापुढचं मी सगळ्यात कळकळीने सांगते. आपल्या बँकांत खिडकीवर पाटी असते, 'काउंटर सोडण्यापूर्वी रोख मोजून घ्यावी'. तिथे तिकीट वाचून घ्यावं. माझ्या दुसऱ्या खेपेला एका कॅसिनोत मी गोल्डन गेट म्हणाले, रायटरने गल्फस्ट्रीम दाबलं. दोन्ही नावं 'ग'ची, माझा उच्चार पुणेरी, हॉलमध्ये आरडाओरडा. मी तिकीट घडी घालून पर्समध्ये टाकलं. घोडा आला, मी खिडकीवर गेले, आणि तिकिटावर वेगळंच रेसकोर्स. ती शर्यत अर्ध्या तासापूर्वी संपलेली होती. पैसे गेले ते थोडेच होते. पण ज्या गोष्टीसाठी ३१ वर्षं लोकांना टोकत आले, तीच माझ्या हातून राहिली, हे फार लागलं. चूक खिडकीवर असतानाच दाखवली तर तिथल्या तिथे तिकीट बदलून देतात. शर्यत सुटल्यावर कुणाचा इलाज चालत नाही. म्हणून चार गोष्टी बोट ठेवून वाचा: रेसकोर्स किंवा सामना, शर्यतीचा क्रमांक आणि तारीख, घोडा किंवा संघ, रक्कम.

आणि हे तिकीट म्हणजे बेअरर चेक. ज्याच्या हातात त्याचे पैसे. चहाच्या कपाखाली ठेवू नका, खुर्चीवर ठेवून बाथरूमला जाऊ नका. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. कॅसिनोचं सभासद कार्ड फुकट मिळतं. बेट लावताना ते दिलं तर व्यवहार नावावर नोंदला जातो आणि तिकीट हरवलं तर शोधायला काही धागा राहतो.

आता घोडे. मुंबई-पुण्याला खेळलेल्यांनी दोन फरक लक्षात ठेवावेत. आपल्याकडे जास्त घोडे असलेल्या शर्यतीत 'प्लेस' म्हणजे पहिल्या तिनांत. अमेरिकेत 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोघांत, आणि पहिल्या तिनांसाठी 'शो' म्हणावं लागतं. आपल्या टानालाला, म्हणजे पहिले तीन क्रमाने आणण्याला, तिथे 'ट्रायफेक्टा' म्हणतात, पहिले दोन क्रमाने आणायचे असतील तर 'एक्झॅक्टा'. दुसरा फरक, आपल्याकडे शर्यती गवतावर, तिथे बहुतेक मातीवर. पाऊस पडला की मातीचा चिखल होतो आणि चिखलात सगळेच घोडे खूश नसतात. अंतर फर्लांगात लिहितात, आठ फर्लांग म्हणजे एक मैल. केंटकी डर्बी दहा फर्लांगांची, म्हणजे जेमतेम दोन हजार मीटर. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची.

सामन्याचा भाव तिकिटावर छापला की पक्का. घोड्यांचं तसं नाही. लोकांचे सगळे पैसे एका पुंजीत जमतात, त्यातून कमिशन कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, अगदी आपल्या रेसकोर्सवरच्या टोटसारखं. म्हणून तुम्ही तिकीट घेताना आठास एक दिसणारा भाव शर्यत सुटेपर्यंत पाचास एक होऊ शकतो, आणि पैसे शेवटच्या भावाने मिळतात. कमिशन साध्या 'विन'वर सर्वांत कमी, साधारण १५ ते १७ टक्के. अनेक घोडे जुळवायच्या बेटवर २० टक्क्यांच्याही वर जातं. मी 'विन' आणि 'शो' सोडून फारशी कुठे जात नाही.

काकांनी शिकवलेलं एक काम तिथेही करता येतं. शर्यतीआधी पॅडॉक, म्हणजे घोडे फिरवतात ती जागा, बघायचा. प्रत्यक्ष घोडा समोर नसतो, पण टेबलावरच्या छोट्या मॉनिटरवर रेसकोर्स निवडलं की घोडे चालताना दिसतात. मानेवर फेस आहे का, कान कुठे आहेत, मागचा पाय मोकळा पडतो का. काका म्हणायचे, घोडा घाबरलाय का ते आधी बघ. छापील रेकॉर्ड हवं असेल तर 'डेली रेसिंग फॉर्म' विकत मिळतो, काही बुकांत त्या दिवसाची पानं फुकट देतात. सगळे आकडे वाचत बसू नका. घोडा मागच्या दोन-तीन वेळा याच अंतरावर, याच प्रकारच्या मैदानावर धावलाय का, एवढं बघितलं तरी शर्यत जिवंत होते.

निकाल लागला असं कधी समजायचं, हे मी ४ मे २०१९ ला शिकले. केंटकी डर्बीचा दिवस होता, ती होते त्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर पाऊस, मैदानावर चिखल. सात नंबरचा मॅक्सिमम सिक्युरिटी पहिला आला. शेजारच्या टेबलावर चौकटीच्या शर्टातले साठीचे गृहस्थ होते. त्यांनी वीस नंबरच्या कंट्री हाउसवर पाच डॉलर 'विन' लावले होते. तो दुसरा आला. त्यांनी तिकिटाची घडी केली आणि खाली टाकली. मग स्क्रीनवर हरकतीची खूण आली. वळणावर सात नंबर बाहेर सरकून इतरांच्या वाटेत आला होता. हॉलमध्ये सगळे उभे. वीसहून जास्त मिनिटं गेली आणि बोर्डवर वरचा आकडा बदलून २० झाला. डर्बीच्या दिवशी शर्यतीतल्या आगळिकीसाठी पहिल्या घोड्याला खाली आणण्याची ती पहिलीच वेळ. गृहस्थ गुडघ्यांवर बसले. मीही खाली वाकले. गालिच्यावर शेकडो तिकिटं पडलेली, निम्म्यांवर बुटांचे ठसे. त्यांची घडी त्यांच्याच खुर्चीच्या पुढच्या पायाखाली अडकलेली सापडली, कॉफीने एक कोपरा तपकिरी झालेला. दोन डॉलरला १३२ डॉलर ४० सेंट, म्हणजे त्यांना ३३१ डॉलर. त्यांनी ती घडी उलगडून तळहाताने मांडीवर सपाट केली, दोनदा, तीनदा, आणि मग उठले. बोर्डवर 'ऑफिशियल' हा शब्द उजळेपर्यंत तिकीट हातातच ठेवा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. ठरावीक रकमेच्या बेटवर ड्रिंकचं कूपन मिळतं, विचारलं तर सांगतात. कॉफी आणि पाणीही त्यावर चालतं. आणून देणाऱ्या मुलीला दर वेळी एक-दोन डॉलर द्यायची पद्धत आहे, त्यांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. जिंकल्यावर तिकीट रायटरला एखादा डॉलर दिला तर चांगलं दिसतं, बंधन नाही.

क्रिकेटबद्दल सगळे विचारतात. मी विचारलं त्या दिवशी बोर्डवर नव्हतं. आणि तिथली ॲप बघून इकडे आल्यावर तसंच काही करायचा मोह धरू नका. नेवाडातली ॲप राज्याच्या हद्दीबाहेर चालत नाहीत, आपल्याकडे क्रिकेटवरचं बेटिंग बेकायदा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. घोड्यांच्या शर्यतींना सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानलं, त्यामुळे रेसकोर्सवर जाऊन खेळायची वाट आपल्याकडेही उघडी आहे.

निघताना सगळी तिकिटं एकत्र काढा. खिडकीशेजारच्या यंत्रात बारकोड दाखवला तर कुठल्यावर पैसे आहेत ते कळतं. रोख खिडकीवरच मोजा. रोखीचा व्यवहार दहा हजार डॉलरच्या वर गेला तर ओळखपत्र मागतात, आपल्याकडे मोठी रोख रक्कम भरताना पॅन मागतात तसं. लहान रकमेच्या तिकिटाने फार मोठा डाव लागला तर भारतीय पासपोर्टवाल्याचा ३० टक्के कर तिथेच कापू शकतात. त्याचा कागद मागून घ्या, इथल्या रिटर्नला लागतो.

सामना तुमच्या विमानानंतर असेल तर घाबरू नका. तिकिटाच्या मागे मुदत छापलेली असते, बऱ्याचदा काही महिन्यांची, आणि पोस्टाने पाठवायचा पत्ताही. मूळ तिकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं, झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची. मी तरी फीनिक्सला मुलाकडे ठेवून येते. पाकिटावर मुदतीची तारीख लाल पेनाने लिहिते, आणि त्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावते.